निसर्ग : कवीची पाठशाळा

मुलांनो, वैशाख संपून ज्येष्ठ लागल्यानंतरचे ते तापलेले दिवस आठवून पाहा. रानातील गवत केव्हाच करपून गेलेले असते. विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. गुरे झाडाच्या तुटपुंज्या सावलीत माना खाली घालून उभी राहतात. शेतकरी घराबाहेर पडला की आधी आकाशाकडे पाहतो आणि मग वाटेकडे. अशा वेळी एखाद्या सायंकाळी वारा एकाएकी थांबतो, क्षितिजावर काळे ढग गोळा होतात आणि टपोरे थेंब धुळीत पडू लागतात. पाहता पाहता साऱ्या गावात ओल्या मातीचा वास दरवळतो. घरातील वृद्ध आजीदेखील हातातले काम टाकून दाराशी येऊन उभी राहते.

त्या क्षणी सर्वांनाच काहीतरी वाटते. पण काय वाटते, ते सांगा म्हटले, तर शब्द सापडत नाहीत. "बरे वाटले" एवढेच आपण म्हणतो. कवी मात्र आपल्या मनातील ते नेमके ओळखतो आणि शब्दांत उभे करतो. त्याची कविता वाचताच, "खरेच, मला असेच वाटले होते!" असे आपण म्हणतो. माणूस आणि निसर्ग यांच्यामधील जे नाते एरवी मुके असते, त्याला वाचा देण्याचे काम कविता करते.

पुष्कळांची अशी समजूत असते की, फुले, पाखरे, चंद्र, झरे या गोष्टी कवितेत केवळ शोभेसाठी येतात. घराच्या दाराला सणाच्या दिवशी तोरण बांधावे, तसा कवी निसर्ग आपल्या कवितेला बांधतो, असे त्यांना वाटते. ही समजूत बरोबर नव्हे. निसर्ग ही कवीची पाठशाळा आहे. तेथे तो पाहावयास शिकतो, कष्ट करावयास शिकतो आणि दुसऱ्याचे दुःख जाणावयासही शिकतो.

ही पाठशाळा फार जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडलेला 'गाथासप्तशती' हा माहाराष्ट्री प्राकृत भाषेतील ग्रंथ घ्या. त्यातील सुमारे ७०० लहान लहान गाथांमध्ये खेड्यातील माणसे, त्यांची शेते, गोदावरीचे तीर, विंध्याची अरण्ये आणि पावसाळ्यातील मेघ जागोजागी भेटतात. पुढे १२९० साली ज्ञानेश्वरांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली. गहन विचार सामान्य माणसाला कळावा, म्हणून त्यांनी दृष्टान्त दिले ते सागराचे, कमळाचे, भ्रमराचे, मेघाचे. सतराव्या शतकात तुकाराम महाराज देहूजवळच्या डोंगरावर एकांतात बसत. त्यांनी तर रानातील झाडांना आणि पशुपक्ष्यांना आपल्या नातलगांतच जमा केले.

आपली रोजची भाषादेखील याच पाठशाळेत शिकली आहे. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. असे का? उंबराला फुले येतात. पण ती बाहेर दिसत नाहीत. ज्याला आपण उंबराचे कोवळे फळ समजतो, त्याच्या पोकळीतच ती शेकडो बारीक फुले दडलेली असतात. इवलेसे कीटक वरच्या छिद्रातून आत शिरतात आणि परागसिंचनाचे काम करतात. माणसाच्या डोळ्यांना ते फूल सहज दिसत नाही. कोणा अनाम पूर्वजाने उंबराकडे बारकाईने पाहिले, म्हणूनच हा सुंदर वाक्प्रचार आपल्याला मिळाला. नीट पाहणे ही कवितेची पहिली पायरी होय.

आता या पाठशाळेत शिकलेल्या तीन कवींची ओळख करून घेऊ. हे तिघेही महाराष्ट्राच्या एकाच कोपऱ्यातले आहेत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी नदी, असा हा खानदेशचा मुलूख आहे. जमीन काळी आणि कसदार. पिके कापसाची, केळीची, ज्वारीची. उन्हाळा मात्र अतिशय कडक. एकच आकाश, एकच माती. परंतु तिघांनी तिच्यापासून तीन निराळे धडे घेतले.

त्यांतील पहिले त्र्यंबक बापूजी ठोमरे. यांचा जन्म १८९० साली जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे झाला. १९०७ साली जळगावात कवींचे एक संमेलन भरले होते. तेथे या सोळासतरा वर्षांच्या मुलाने आपल्या कविता ऐकवल्या आणि सभा थक्क झाली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पुढे महाराष्ट्र त्यांस त्याच नावाने ओळखू लागला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे डॉ. कीर्तिकर वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. भारतातील औषधी वनस्पतींवर त्यांनी केलेल्या कामाला आजही मान आहे. पानाफुलांची शास्त्रीय पारख करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांनीच पानाफुलांच्या कवीलाही ओळखावे, हा योग मोठा सुंदर होता.

बालकवींच्या कवितेत निसर्ग माणसासारखा वागतो. 'फुलराणी' या कवितेत हिरवळीवरचे एक लहानसे फूल आहे. बालकवींच्या दृष्टीला ते नुसते फूल राहत नाही. ती एक अजाण, खेळकर मुलगी होते. सूर्याचा किरण तिचा वर होतो. रात्र सरते, पहाट होते आणि आकाशापासून धरणीपर्यंत सारी सृष्टी त्यांच्या लग्नाच्या गडबडीत सामील होते. सूर्योदय तर रोजच होतो. परंतु ही कविता वाचल्यानंतर तो निराळा दिसू लागतो. दवाने भिजलेल्या फुलावर पहिले ऊन पडलेले पाहिले की, आज कोणाचे तरी लग्न आहे, असे मनात येते.

त्यांची 'औदुंबर' ही कविता केवळ आठ ओळींची आहे. तिच्यात एक झरा आहे, लहानसे गाव आहे, शेते आहेत, गवतातून गेलेली पायवाट आहे आणि अखेरीस पाण्याच्या काठी एक उंबराचे झाड आहे. कवी आपल्याला दुरून हळूहळू त्या झाडापाशी घेऊन जातो. तेथे पोहोचल्यावर ते झाड एखाद्या थकल्याभागल्या वाटसरूसारखे पाण्याकाठी विसावलेले दिसते. कवीने उंबरच का निवडला असेल, ते सांगणे कठीण. पण जेथे उंबर असतो तेथे जमिनीत पाणी जवळ असते, असे आपल्याकडील जुने शेतकरी सांगत आले आहेत. म्हणजे कवीने झाडाला माणूस केले, तरी झाडाची जागा चुकवली नाही.

बालकवींच्या साऱ्याच कविता आनंदाच्या आहेत, असे मात्र समजू नका. 'पारवा' या कवितेत पडक्या धर्मशाळेच्या कौलारावर बसून घुमणारा एक पारवा आहे. त्याच्या त्या घुमण्यात कवीला खिन्नता ऐकू येते. पारवा खरोखर दुःखी असतो का? तसे म्हणता येणार नाही. घुमणे हा त्याचा स्वभावच आहे. परंतु माणसाच्या मनात दुःख असले की ते दुसऱ्याच्या आवाजातही ऐकू येते. आपले सुख आणि आपले दुःख ज्याच्यापाशी मोकळे करावे, असा सोबती बालकवींना निसर्गात मिळाला. १९१८ साली जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांच्या वयाला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दुसऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे या गावी झाला. बालकवींना शाळा मिळाली, पुस्तके मिळाली, कवींची संगत मिळाली. बहिणाबाईंना यांतील काहीच मिळाले नाही. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. लहानपणीच लग्न झाले, ऐन तारुण्यात वैधव्य आले आणि मुलांना वाढविण्याचा भार एकट्या शिरावर पडला. पहाटे जात्यावर दळण, दिवसा शेतात काम, संध्याकाळी चूल असे त्यांचे आयुष्य होते. ते काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचीत आणि गात. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. आईच्या तोंडची पुष्कळ गाणी घरच्या माणसांनी वेळोवेळी लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. जिने कधी पाटी हातात धरली नाही, अशा शेतकरणीचे शब्द महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

बहिणाबाई झाडापाखरांकडे पाहतात त्या काम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने. माणसाचे मन कसे आहे, हे त्यांना सांगावयाचे होते. पंडिताने त्यासाठी मोठमोठे शब्द वापरले असते. बहिणाबाईंना आपल्या शेतातले दृश्य आठवले. उभ्या पिकात शिरलेले गुरू कितीही हाकलले, तरी पुन्हा पुन्हा पिकाकडेच वळते. मनही तसेच ओढाळ आहे, असे त्यांनी सांगितले. ज्याने भर उन्हात पिकाची राखण केली आहे, त्याला या उपमेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

त्यांचे सुगरण पक्ष्याच्या घरट्यावरचे गाणे तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे खोपे तुम्ही कदाचित पाहिले असतील. गवताच्या आणि पानांच्या बारीक चिरफळ्या एकमेकींत गुंफून हा पक्षी खोपा विणतो. वर फुगीर खोली आणि खाली लांब नळीसारखी वाट. वारा सुटला की खोपा झुलतो. पण सहसा तुटत नाही. बहिणाबाईंनी ते विणकाम न्याहाळले आणि त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. एवढ्याशा चोचीने पाखरू जर असे घर उभारते, तर हात लाभलेल्या माणसाने रडत का बसावे? एकट्या बाईने संसार कसा उभा केला असेल, याचे उत्तर आपल्याला या एका गाण्यात सापडते.

याच पक्ष्याचा अभ्यास आणखी एका माणसाने केला होता. ते थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम या गावी राहत असताना त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली आणि प्रत्येक गोष्ट टिपून ठेवली. खोपा विणतो तो नर! पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पिवळा रंग खुलतो. तो खोपा अर्धा विणून तयार करतो. मग माद्या येऊन त्याची पाहणी करतात. मादीने खोपा पसंत केला, तर नर तो पुरा करतो. पसंत न पडलेले खोपे अर्धवटच राहतात.

बहिणाबाईंच्या गाण्यात मात्र खोपा बांधणारी ती आई आहे. मग कवयित्री चुकली असे म्हणावयाचे काय? मुलांनो, नीट विचार करा. आपल्या भाषेनेच या पक्ष्याला 'सुगरण' म्हटले आहे, आणि सुगरण म्हणजे घरकामात निपुण बाई. त्या नावाचा हात धरूनच बहिणाबाईंनी गाणे रचले. खोपा कोण विणतो, हे शास्त्रज्ञ सांगतो आणि ते आपण त्याच्याकडूनच घ्यावे. त्या खोप्याकडे पाहून माणसाने काय घ्यावे, हे कवी सांगतो. दोघांचे काम निराळे. पण आरंभ एकच. दोघेही झाडाखाली उभे राहून, मान वर करून, मन लावून पाहत होते. न पाहता लिहिलेले शास्त्र खोटे ठरते आणि न पाहता लिहिलेली कविताही पोकळ ठरते.

तिसरे कवी ना. धों. महानोर. यांचा जन्म १९४२ साली अजिंठ्याच्या डोंगरांजवळील पळसखेडे या गावी झाला. शिक्षणासाठी ते जळगावला गेले. परंतु ते अर्धवट सोडून गावी परतले आणि शेती करू लागले. १९६७ साली त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नावाप्रमाणेच त्यातील शब्द रानातून आलेले आहेत. नांगरट, पेरणी, पाखरे, ज्वारीची कणसे आणि चिंब पाऊस यांचा त्यांत दरवळ आहे. बालकवी निसर्गाशी खेळले, बहिणाबाईंनी निसर्गाकडून धीर घेतला. महानोर निसर्गाकडे मागणे मागतात. कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस म्हणजे केवळ शोभा नव्हे. तो आला तर घरात धान्य येते. तो रुसला तर पेरलेले बी मातीतच मरते. म्हणून आभाळाने आपल्या भुईला काही द्यावे, ही विनवणी त्यांच्या कवितेत वारंवार ऐकू येते.

परंतु महानोर विनवणी करून स्वस्थ बसले नाहीत. शेतीला पाणी कसे मिळावे, पडणारा पाऊस शिवारात कसा मुरावा, हा त्यांच्या आयुष्यभराच्या तळमळीचा विषय होता. त्यावर त्यांनी लेखन केले आणि विधान परिषदेचे सभासद असताना शेतकऱ्यांची बाजू मांडली. 'पानझड' या त्यांच्या संग्रहाला २००० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२३ साली त्यांचे निधन झाले. ज्याच्यावर आपण गाणे रचतो, त्याची काळजीही आपणच वाहिली पाहिजे, हा त्यांच्या जीवनाचा धडा आहे.

असे हे तीन कवी. एकाने फुलात मैत्रीण पाहिली, एकीने पाखरात गुरू पाहिला, एकाने भुईत आई पाहिली. तिघांची वृत्ती निराळी, शब्द निराळे. तरी एक गोष्ट तिघांत समान आहे. निसर्ग आपल्यापासून वेगळा आहे, असे त्यांपैकी कोणालाच वाटले नाही. घरातील माणसांविषयी बोलावे, तसे ते झाडापाखरांविषयी बोलले. म्हणूनच त्यांच्या कविता आपल्याला आपल्या वाटतात.

आता शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट. आज आपल्यातील पुष्कळ मुले शहरात राहतात. काहींनी सुगरणीचा खोपा केवळ चित्रात पाहिला असेल. गावांतही पूर्वीसारखे सारे राहिलेले नाही. कित्येक ओढे पावसाळा संपताच आटतात, विहिरीवरची बाभूळ तोडली जाते आणि बांधावरचा उंबर रस्त्याच्या आड आला म्हणून पडतो. झाड पडले की सावली जाते, पाखरे जातात, हे आपल्याला कळते. त्याबरोबर आणखीही काही जाते, ते मात्र लवकर ध्यानात येत नाही. ज्याने उंबर कधी पाहिलाच नाही, त्याला 'उंबराचे फूल' म्हणजे काय ते कोशात शोधावे लागेल. ज्याने वाहता झरा पाहिला नाही, त्याला बालकवींची कविता पाठ होईल. पण ती त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहणार नाही. शब्द पुस्तकात राहतील आणि त्यांचा अर्थ रानाबरोबर निघून जाईल. झाड राखणे म्हणजे आपली भाषा आणि आपली कविता राखणेही होय.

याउलट, कवितेचाही निसर्गावर मोठा उपकार आहे. जी वस्तू आपण आपली मानतो, तिच्यावर आपला हात सहज उठत नाही. रानातील झाड हे केवळ लाकूड आहे, असे मानणारा माणूस त्याची किंमत करतो. तेच झाड आपला नातलग आहे, असे ज्याने एकदा मनापासून ऐकले, तो कुऱ्हाड उचलण्यापूर्वी क्षणभर तरी थांबतो. कवितेने माणसाला शिकविलेले हे क्षणभर थांबणे फार मोलाचे आहे.

म्हणून मुलांनो, कविता नुसती पाठ करू नका. सुगरणीचे गाणे वाचले की, पावसाळ्यात एखादा खोपा शोधा आणि त्याला हात न लावता दुरून पाहा. औदुंबराची कविता वाचली की, जवळचा एखादा उंबर ओळखून ठेवा. त्याची पाने केव्हा गळतात, फळे केव्हा पिकतात, कोणती पाखरे ती खायला येतात, हे वर्षभर पाहत राहा. शहरात राहणाऱ्यांनी शाळेच्या वाटेवरचे एखादे झाड आपले मानावे. जे पाहिले ते चार ओळींत लिहून ठेवावे. ती कविता होईलच असे नाही. परंतु ज्या पाठशाळेत बालकवी, बहिणाबाई आणि महानोर शिकले, तिच्या पटावर तुमचेही नाव लागेल. त्या पाठशाळेला दार नाही, फी नाही आणि सुट्टीही नाही. तेथे शिकावयास डोळे उघडे हवेत आणि मनात माया हवी, एवढेच पुरे.